टोपीला हात

कोल्हापुरातली माणसं रात्री साडेदहाला ज्यावर हसतात, ते सोमवारी दुपारीच करून ठेवलेलं असतं.

‘जेवून बसा’ हा कार्यक्रम गावातल्या केबलवर रात्री लागायचा. त्याचं चित्रीकरण मात्र उद्यमनगरात, एका बंद पडलेल्या फौंड्रीच्या शेडमध्ये. एरवी तिथं आजूबाजूचे लेथ आणि ग्राइंडर असे कोकलायचे की शेजारच्याचं बोलणं ऐकू यायचं नाही. सोमवारी उद्यमनगराला सुट्टी. म्हणून आठवड्याच्या पाचही रात्री सोमवारी दुपारी उरकून घ्यायच्या. मागं प्लायवूडची खिडकी, खिडकीत रंगवलेला चंद्र आणि वर तापलेला पत्रा. त्या पत्र्याखाली कार्यक्रमाचा सूत्रधार उदयसिंह कपाळाचा घाम टिपायचा, कॅमेऱ्याकडं बघायचा आणि म्हणायचा, “रात्र झाली, पोरं झोपली, आता आपण बोलू.” समोर बसवलेल्या बचत गटाच्या बायका टाळ्या वाजवायच्या. एक रात्र संपली की उदयसिंह शर्ट बदलून यायचा आणि दुसरी रात्र सुरू व्हायची.

जोतीरामला कपडे बदलावे लागत नसत. त्याचं सोंगच तसं होतं. नेसरीकडून शहरात पाहुणा म्हणून आलेला आणि कधी परत न गेलेला म्हातारा. धोतर, काळा कोट, डोक्यावर कडक इस्त्रीची पांढरी टोपी. उदयसिंह सोफ्यावर बसायचा, बोलावलेला माणूस समोरच्या खुर्चीवर आणि जोतीराम बाजूच्या स्टुलावर. उदयसिंहनं चार वाक्यं बोलायची आणि जोतीरामनं मध्येच म्हणायचं, “मग?” उदयसिंहनं मोठेपणाचं काही सांगितलं की म्हणायचं, “आमच्याकडं न्हाय बा असलं.” एवढंच काम. पण त्या “मग?”साठी गावातली अर्धी माणसं जागत होती.

शेवट ठरलेला असे. जोतीराम काहीतरी तिरकं बोलायचा, उदयसिंह चिडायचा आणि हात फिरवून त्याची टोपी उडवायचा. टोपी सोफ्याखाली जायची. जोतीराम गुडघ्यांवर रांगत जाऊन ती काढायचा, झटकायचा, डोक्यावर बसवायचा आणि सगळ्यांना सांगायचा, “उद्या जातो की.” की दिवे मंद व्हायचे.

रस्त्यात त्याला कुणीही हटकायचं. केएमटी बसचा कंडक्टर तिकीट देताना विचारायचा, “काय पावणं, उद्या जातासा न्हवं?” भाजीवाली कोथिंबिरीची जुडी वर टाकायची. सोळा वर्षं तो उद्या जात होता. आता सत्तरी ओलांडली होती, गुडघे सुजायचे आणि सोफ्याखालून वर येताना डोळ्यांपुढं काजवे चमकायचे. पण गेला नव्हता.

खरं तर तो स्टुलावर बसला तोच चुकून. लहानपणापासून नेसरीच्या जत्रेतल्या नाटकांत सोंगाड्याची कामं करायचा. पुढं गडमुडशिंगीला बिऱ्हाड केलं, उद्यमनगरात एका कारखान्यात रखवालदारी केली. तो बंद पडल्यावर केबलवाल्यांकडं दिवे उचलायला लागला. एके दिवशी बोलावलेला माणूस आलाच नाही. समोर बायका येऊन बसलेल्या. उदयसिंहनं इकडं तिकडं बघितलं आणि दिव्याच्या खांबाला टेकून उभ्या असलेल्या जोतीरामला धरून स्टुलावर बसवलं. बोलता बोलता उदयसिंहचा हात लागला आणि जोतीरामची टोपी खाली पडली. ती मुद्दाम पाडलेली नव्हती. पण बायका अशा हसल्या की चॅनेलच्या मालकानं जागेवरून उठून सांगितलं, “हे रोज पाहिजे.”

त्या वेळी जोतीरामची आई, चिमणाबाई, नेसरीहून त्याच्याकडं राहायला आली होती. रात्री सगळं घर टीव्हीपुढं बसलं. पोरं हसली, शेजारी हसले. चिमणाबाई हसली नाही. ती उठून चुलीपाशी जाऊन बसली. जोतीराम तिच्याजवळ गेला तेव्हा ती म्हणाली, “तुज्या बाच्या मयताला टोपी काढलीस, तेवढीच. आता कोण मेलंय म्हणून त्या पोरानं काढली?”

“आई, ते हसायला असतंय.”

“कुणाचं पोरगं त्ये?”

“चांगल्या घरचं हाय.”

“आसंल की,” ती म्हणाली आणि विषय संपला. पण त्या रात्री ती जेवली नाही.

जोतीरामनं हे उदयसिंहला सांगितलं ते तक्रार म्हणून नव्हे. दिवे बांधता बांधता सहज बोलून गेला. पुढच्या सोमवारी मेकअप करणारी मोना जोतीरामच्या तोंडाला पावडर लावत होती, तेव्हा उदयसिंह मेकअपच्या खोलीत आला. खोली म्हणजे शेडच्या कोपऱ्यात पडदा लावून केलेला आडोसा. त्यानं मोनाला बाहेर जायला सांगितलं, वाकून जोतीरामच्या पायांना हात लावला आणि म्हणाला, “अण्णा, टोपीला हात लावतो.”

जोतीराम गोंधळला. मग म्हणाला, “लाव.”

गावी गेल्यावर त्यानं आईला हे सांगितलं. चिमणाबाईनं सुपातले तांदूळ पाखडणं थांबवून विचारलं, “इचारून करतंय?”

“पाया पडून.”

“मग खेळ झाला त्यो,” ती म्हणाली आणि पुन्हा पाखडायला लागली. पुढं मरेपर्यंत ती तो कार्यक्रम बघायची आणि हसायची.

तेव्हापासून उदयसिंहनं एकही सोमवार चुकवला नाही. पाच रात्रींचं एकदाच, पहिल्या रात्रीच्या आधी. एकदा दोघांचं भांडण झालं होतं. महिनाभर बोलणं बंद. तरी उदयसिंह पडदा सारून आत आला, तोंड दुसरीकडं करून वाकला, पायांना हात लावला आणि गेला. मग त्या दिवशी टोपी अशी जोरात उडवली की जोतीरामचा कान दिवसभर वाजत राहिला. पण पाया पडायचा राहिला नाही. बाहेर हे कुणाला ठाऊक नव्हतं. मोनाला होतं, आणि बायडाबाईला, म्हणजे जोतीरामच्या बायकोला.

दिवाळीनंतर उदयसिंहच्या छातीत कळ आली. बायपास झाली, डॉक्टरांनी दगदग बंद करायला सांगितली आणि मुलगा त्याला पुण्याला घेऊन गेला. कार्यक्रम बंदच पडायची वेळ आली. मालक म्हातारा झाला होता, सगळं त्याचा मुलगा आदर्श बघत होता. आदर्शनं विश्वजित नावाचा एक पोरगा आणला. मोबाईलवर त्याच्या छोट्या छोट्या गमती लाखभर लोक बघायचे. अठ्ठावीस वर्षांचा, चटपटीत, बोलायला गोड.

“अण्णा, तुम्ही स्टुलावर हाय म्हणून लोक बघणार,” आदर्श घरी येऊन म्हणाला. “तुम्ही न्हाय म्हटलंसा तर मग बंदच करायचं. मोना, कॅमेऱ्याची पोरं, सगळी घरला.”

बायडाबाई आतून म्हणाली, “गुडघं बघा की त्यांचं.”

“वहिनी, रांगायचं कमी करू.”

तो गेल्यावर बायडाबाई पदराला हात पुसत बाहेर आली. “त्यो नवा पोरगा इचारणार हाय काय?”

ती टोपीबद्दल बोलत होती, हे जोतीरामला कळलं. “बघू.”

“बघू काय? कोण सांगणार त्याला?”

“उदयसिंह सांगंल की.”

आणि तो वाट बघत राहिला. रविवारी पुण्याहून फोन आला. उदयसिंहचा आवाज बारीक झाला होता. “पोरगं गुणी हाय, अण्णा. सांभाळून घ्या.”

“घेतो की.”

“शेवटाला घाई करतंय जरा. तुम्ही ‘मग’ म्हणायला वेळ घ्या, म्हणजे थांबंल.”

“बरं.” जोतीराम फोन कानाला धरून उभा राहिला. “आणि काय?”

“आणि काय न्हाय. गुडघ्याला तेल लावतासा न्हवं?”

“लावतो.”

फोन बंद झाला. बायडाबाई त्याच्या तोंडाकडं बघत होती. तो म्हणाला, “ईसरला.” मग म्हणाला, “आजारी हाय बिचारा.” त्याला वाटलं होतं की आपणच सांगावं, त्या पोराला सांग म्हणून. पण नाही सांगितलं. माझ्या पाया पडायला सांग, असं कुणी कुणाला सांगतं का? आणि नाही पडला तर? सोळा वर्षांनी एका नातवाच्या वयाच्या पोरानं न विचारता डोक्याला हात घालायचा आणि आपण हसून रांगायचं. हे जमेल का, एवढाच प्रश्न होता, आणि त्याचं उत्तर त्याला स्वतःलाच माहीत नव्हतं.

सोमवारी तो लवकर गेला. मोनानं पावडर लावली, भुवया पांढऱ्या केल्या. टोपी त्यानं घरून स्टीलच्या डब्यात आणली होती, चुरगळू नये म्हणून. ती मांडीवर घेऊन बसला. मोनानं पडद्याबाहेर डोकावून बघितलं.

“अण्णा, मी सांगू काय त्याला?”

“काय?”

“ते.”

“नको,” जोतीराम म्हणाला. “सांगितल्यावर वाकला तर ते काय वाकणं?”

“तसं न्हाय. ठाऊकच न्हाय त्याला.”

“ठाऊक न्हाय हे खरं,” तो म्हणाला आणि टोपीवरची नसलेली धूळ झटकली.

पडदा सरकला. विश्वजित आत आला. नवा कुर्ता, केसांना काहीतरी लावलेलं. जोतीरामची पाठ आपोआप ताठ झाली.

“अण्णा, तयार?”

“तयार.”

“मला लई भ्या वाटतंय बघा. चला,” विश्वजित म्हणाला आणि गेला. पडदा थोडा वेळ हलत राहिला.

जोतीरामनं टोपी घातली.

पहिल्या रात्री जयसिंगपूरचा एक एसटी कंडक्टर आला होता. तो तोंडानं पाखरांचे आवाज काढायचा. विश्वजितनं त्याच्याकडून कोकीळ काढून घेतली, होला काढून घेतला, स्वतः कावळा काढला. पोराला कसब होतं. फक्त बोलताना जागा सोडत नव्हता. जोतीरामनं दोन वेळा उशिरा “मग?” म्हटलं, तेव्हा त्याला ते कळलं आणि तो थांबायला लागला. बायका हसत होत्या. मग शेवट आला. जोतीराम म्हणाला, “पाखरं भाडं देत न्हाईत म्हणून एसटी तोट्यात व्हय?” विश्वजित चिडल्याचं सोंग करून उठला आणि त्याचा हात टोपीकडं आला.

जोतीरामचे दोन्ही हात वर गेले आणि त्यांनी टोपी धरली.

हे त्यानं ठरवलं नव्हतं. हात गेले. विश्वजितचा हात अर्ध्यात थांबला. त्यानं हसून दुसऱ्या बाजूनं हात घातला. जोतीराम स्टुलावर वळला, टोपी डोक्यावर घट्ट दाबली आणि त्याच्या डोळ्यांत बघून म्हणाला, “न्हाय.”

मग जो हशा उठला तसा सोळा वर्षांत उठला नव्हता. बायका एकमेकींच्या अंगावर पडल्या. कंडक्टर खुर्चीवरून घसरला. जोतीराम टोपी धरून बसला होता आणि त्याला तो हशा लांबून, भिंतीपलीकडून आल्यासारखा वाटत होता.

आदर्श पळत आला. “अण्णा, काय केलंसा! एक नंबर. सोळा वर्षं उडाली आणि आज धरली! हेच ठेवू. चार रात्री द्यायची न्हाय, पाचव्या रात्री उडवायची. आठवडाभर लोक वाट बघतील.”

“आदर्श,” जोतीराम म्हणाला, “मी खरंच न्हाय म्हटलं.”

“तेच की. खरं वाटतंय म्हणून तर हसतायत.” आणि तो कॅमेऱ्याकडं गेला.

मग आणखी तीन रात्री झाल्या. जोतीराम दर वेळी टोपी धरायचा आणि “न्हाय” म्हणायचा. दुसऱ्या रात्री ते थोडं खोटं झालं. तिसऱ्या रात्री त्याच्या लक्षात आलं की आपण हशासाठी जागा सोडतोय. चौथ्या रात्री तो चांगला सोंगाड्या असल्यासारखा “न्हाय” म्हणाला आणि त्याला स्वतःचीच शिसारी आली. खरं बोलणं या शेडमध्ये दोनदा बोलता येत नव्हतं.

पाचव्या रात्रीआधी चहा झाला. जोतीराम आडोशाला गेला नाही, तिथंच स्टुलावर बसून राहिला. दिवे तापलेले होते. पलीकडं मोना विश्वजितच्या तोंडावरचा घाम टिपत होती आणि काहीतरी हळू आवाजात सांगत होती. विश्वजितनं मान वळवून जोतीरामकडं बघितलं. त्याचं तोंड उतरलं. तो चहाचा कप हातात तसाच घेऊन सरळ आला.

“अण्णा, मला कुणी सांगितलंच न्हाय,” तो म्हणाला. “मला दुपारपासून कळत हुतं काहीतरी चुकलंय. पहिलं ‘न्हाय’ खरं हुतं, व्हय न्हवं?”

“असू दे,” जोतीराम म्हणाला.

“असू दे कसं?” त्यानं कप जमिनीवर ठेवला, दोन्ही हात जोतीरामच्या पायांवर ठेवले आणि वाकून तसाच राहिला. “टोपीला हात लावू काय?”

पोराचे हात गार होते. जोतीरामला वाटलं, बरं झालं. आता होईल. त्यानं पोराच्या डोक्यावर हात ठेवला आणि तो ‘लाव’ म्हणणार, तेवढ्यात समोरच्या बायका बोलायच्या थांबून बघायला लागल्या. एकजण “अगं बाई” म्हणाली. दोघी-तिघींनी टाळ्या वाजवल्या.

“थांबा, थांबा,” आदर्शचा आवाज आला. “हे घेतलं काय रे कुणी?”

“कॅमेरा बंद हुता,” एकजण म्हणाला.

“अरे, काय माणसं हायसा तुम्ही. बघा की बायकांच्या डोळ्यांत पाणी आलंय. विश्वजित, परत एकदा वाक. शेवटी घालू या. आधी टोपी उडवायची, मग पाया पडायचं. अण्णा, तुम्ही जरा इकडं तोंड करा.”

विश्वजित उठून उभा राहिला. त्यानं आदर्शकडं बघितलं, मग जोतीरामकडं. पोरगा कालचा, काम नवं, आणि समोर मालक. तो पुन्हा वाकला.

दुसऱ्यांदा वाकताना त्यानं मान थोडी वळवली होती. तोंड कॅमेऱ्याकडं होतं.

जोतीरामला राग आला नाही. राग यायला अंगात काहीतरी असावं लागतं. त्याला फक्त इतकं दमल्यासारखं वाटलं की स्टुलाला पाठ असती तर तो तिथंच टेकून झोपला असता. “उठ बाळा,” तो म्हणाला. “तुजी काय चूक न्हाय. घे, चालू कर.”

पाचवी रात्र झाली. कोण आलं होतं, काय बोलणं झालं, ते त्याला पुढं आठवेना. “मग?” मात्र सगळे जागच्या जागी पडले. शेवटी विश्वजितचा हात आला. जोतीरामनं हात खाली, मांडीवर ठेवले. टोपी उडाली, सोफ्याच्या पायाला आपटली आणि आत गेली. बायका हसल्या आणि वाट बघायला लागल्या. आता म्हातारा रांगणार, टोपी झटकणार आणि म्हणणार.

जोतीराम रांगला नाही. तो गुडघ्यांवर हात रोवून उभा राहिला. बायकांना हात जोडले.

“बरं, येतो,” तो म्हणाला.

त्यावरही हशा झाला, टाळ्या पडल्या. तो उजेडातून बाहेर आला आणि प्लायवूडच्या मागून चालत गेला. मागच्या बाजूनं चंद्राला रंग नव्हता, खिळे बाहेर आले होते. दाराशी मोनानं त्याला गाठलं. तिच्या हातात टोपी होती.

“अण्णा, डोक्यावर काय न्हाय तुमच्या.”

“राहू दे.”

“घाला की. असं जाऊ नका.”

“त्यांच्यापाशी ठेव,” तो म्हणाला. “रोज लागंल त्यांना.”

बाहेर अजून उजेड होता. उद्यमनगरातली सगळी दारं बंद. त्याच्या डोक्याला वारा लागत होता, आणि ते इतकं नवीन होतं की त्यानं दोन वेळा हात लावून बघितला. केएमटीत रोजचाच कंडक्टर होता. त्यानं तिकीट फाडून दिलं आणि म्हणाला, “आजोबा, पुढं सरका जरा.” ओळखलं नाही. जोतीराम पुढं सरकला. खिडकीजवळ जागा मिळाली. गडमुडशिंगी येईपर्यंत कुणी त्याला उद्या जाणार काय म्हणून विचारलं नाही. त्यानं डोळे मिटून घेतले.

घराच्या पायरीवर बायडाबाई मेथी निवडत बसली होती. तिनं लांबून त्याला येताना बघितलं आणि तिचा हात थांबला. ती घाईनं उठली. मांडीवरची मेथी खाली सांडली. इतक्या वर्षांत नवऱ्याला उघड्या डोक्यानं रस्त्यातून येताना तिनं एकदाच बघितलं होतं.

“कोण गेलं?” तिनं विचारलं. “अवो, कोण गेलं? उदयसिंह?”

“न्हाय,” जोतीराम म्हणाला. “कोण न्हाय. मीच आलोय.”

ती त्याच्या तोंडाकडं बघत राहिली. पावडर अजून पुसलेली नव्हती, एक भुवई पांढरी आणि दुसरीचा रंग घामानं उतरला होता.

“टोपी?”

“ऱ्हायली तिकडं.”

“आणायला जायचं हाय?”

“न्हाय.”

बायडाबाईनं सांडलेली मेथी पदरानं एका बाजूला केली आणि पायरीवर जागा केली. तो हळूहळू, गुडघे सांभाळत खाली बसला. मग एक काडी उचलून त्यानं तिची पानं खुडायला घेतली.